बारावीनंतर फार्मसी: प्रवेश, कागदपत्रं, नोंदणी आणि औषध दुकानाचा परवाना

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय देता येत नाही. १९४८ चा फार्मसी कायदा आणि १९४५ चे औषध नियम, दोन्हींत हे स्पष्ट आहे. त्यामुळे गावातच औषध मिळणार की रात्री-अपरात्री तालुक्याला गाडी पळवावी लागणार, हे गावात फार्मासिस्ट आहे की नाही यावर बरंचसं ठरतं. बारावी सायन्स झालेल्या किंवा होणार असलेल्या मुलामुलींनी या शिक्षणाचा विचार जरूर करावा. महाराष्ट्रात ही प्रक्रिया कशी चालते ते पुढे सांगितलं आहे.

डी.फार्म की बी.फार्म?

दोन्हींसाठी बारावीला फिजिक्स आणि केमिस्ट्री हवंच, सोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. डी.फार्म दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला सीईटी लागत नाही, तंत्रशिक्षण संचालनालय बारावीच्या गुणांवर प्रवेश देतं. दोन वर्षांनंतर रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं. ते किमान तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. बी.फार्म चार वर्षांची पदवी. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते (पीसीएम किंवा पीसीबी, कोणताही ग्रुप चालतो) आणि बारावीच्या या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात.

आपल्याच तालुक्यात मेडिकल टाकायचं असेल किंवा सरकारी दवाखान्यात काम करायचं असेल, तर डी.फार्म पुरेसं आहे. औषध निरीक्षक व्हायचं किंवा पुढे एम.फार्म करायचं, तर बी.फार्मला पर्याय नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी डी.फार्म करून नंतर बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो. हातात कमाईचं साधन लवकर येतं आणि पदवीचं दारही उघडं राहतं.

कॉलेज निवडताना एक गोष्ट स्वतः तपासा. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या यादीत त्या कॉलेजला त्या वर्षाची मान्यता आहे का? मान्यता नसेल तर डिप्लोमा हातात असूनही पुढे नोंदणी अडते. कॉलेजवाल्यांच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

अर्ज आणि कागद

अर्ज ऑनलाइन भरायचा, कागदपत्रं अपलोड करायची आणि त्यांची पडताळणी करून घ्यायची. ई-स्क्रूटिनी निवडली तर घरबसल्या होते, नाहीतर जवळच्या केंद्रावर जाऊन. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला सगळ्यांनाच लागतो. आरक्षणाचा लाभ घ्यायचा तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, शिवाय लागू असेल तिथे येत्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं नॉन-क्रिमी लेयर. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी वेगळं प्रमाणपत्र असतं.

यात सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती जात वैधतेपाशी. पडताळणी समितीकडे वेळ लागतो, म्हणून अर्ज निकालाची वाट न बघता अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह करावा. उत्पन्नाचा दाखलाही निकालानंतर सेतू केंद्रावर गर्दी होण्याआधीच काढून ठेवा.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की नाव, प्रवर्ग आणि गुण नीट बघा. चूक दुरुस्त करायची मुदत थोडेच दिवस असते. मग पसंतीक्रम भरायचा. पहिल्या पसंतीचंच कॉलेज मिळालं तर जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून जिथे जायची तयारी नाही ते कॉलेज वरती टाकू नका.

फीसाठी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. शिवाय जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कॅपमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) व्यावसायिक पदवीला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत मिळत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढण्याआधी हे वाचा.

नोंदणी

शिक्षण संपलं म्हणजे फार्मासिस्ट झालात असं नाही. डी.फार्मवाल्यांसाठी २०२२ च्या नियमांनी एक्झिट परीक्षा आणली, ती पहिल्यांदा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर आणि प्रत्येकात किमान ५० टक्के. बी.फार्मला ही परीक्षा नाही. त्यानंतर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे अर्ज करायचा. वय १८ पूर्ण हवं आणि राहणं किंवा काम महाराष्ट्रात हवं. दहावी-बारावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, डिप्लोमा किंवा पदवी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा आणि फोटो लागतात. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते निस्तरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडावं लागतं.

आता एक विनंती, आणि ती मी अगदी कळकळीने करतो. हे प्रमाणपत्र भाड्याने देऊ नका. वर्षाला ठराविक रक्कम घेऊन आपलं नाव दुसऱ्याच्या दुकानात टांगायचं आणि स्वतः भलतीकडेच नोकरी करायची, हे अनेक ठिकाणी सर्रास चालतं. यात दुकानाचा परवाना रद्द होऊ शकतो आणि तुमचं नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. पण खरं नुकसान पेशंटचं होतं. मधुमेहाच्या ‘एसआर’ लिहिलेल्या गोळीचं औषध दिवसभर हळूहळू सुटायला हवं असतं. आजी गिळता येत नाही म्हणून ती चुरून घेते आणि सगळं औषध एकदम अंगात उतरतं. इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांना ठेवायचं असतं, बर्फाच्या कप्प्यात ते गोठलं की वाया गेलं. या दोन वाक्यांसाठी काउंटरवर शिकलेला माणूस लागतो. भिंतीवरचं प्रमाणपत्र आजीशी बोलत नाही.

स्वतःचं मेडिकल

किरकोळ विक्रीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे फॉर्म १९ मध्ये अर्ज करायचा. परवाने फॉर्म २० आणि २१ मध्ये मिळतात, दुसरा इन्सुलिन, लसी यांसारख्या औषधांसाठी. जागा किमान १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा (गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा), जागेचा नकाशा, फ्रिजचं बिल, फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि तो नोकरीवर असेल तर नेमणूकपत्र व संमतीपत्र. निरीक्षक जागा पाहून जातात. मुदतीत शुल्क भरत राहिलं तर परवाना चालू राहतो, ते दर पाच वर्षांनी भरावं लागतं. शेड्यूल एच१ मधल्या औषधांची, जसं की टीबीची औषधं आणि बरीच तगडी अँटिबायोटिक्स यांची, वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षं जपायची.

भांडवल कमी असेल तर जनऔषधी केंद्राचा, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतल्या स्वस्त जेनेरिक (ब्रँडशिवायच्या) औषधांच्या दुकानाचा विचार करा. जागा १२० चौरस फूट लागते, अर्जाचं शुल्क ५,००० रुपये. महिला, दिव्यांग, एससी-एसटी, माजी सैनिक आणि आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांतल्या अर्जदारांना ते माफ आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव हे असे जिल्हे. तिथली औषधं ब्रँडेडपेक्षा साधारण ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त असतात. मात्र चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या औषधाजागी दुसरं औषध परस्पर देता येत नाही. त्यामुळे केंद्र सुरू करण्याआधीच परिसरातल्या डॉक्टरांना भेटून जेनेरिक नावाने लिहिण्याची विनंती करा.

दुकान नको असेल तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषध निर्माण अधिकारी हे पद असतं. सपाट भागात साधारण ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र धरलेलं आहे. भरतीच्या वेळी चालू असलेली नोंदणी मागतात. तेव्हा नूतनीकरणाची तारीख आजच लिहून ठेवा, आणि पाच वर्षांत दोन उजळणी वर्गांची हजेरी लागते तीही विसरू नका.