बाळासारखी झोप नेमकी कुणाची?

टोरांटोहून भाचीचा मेसेज आला तेव्हा माझ्याकडे दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे अडीच. ‘मावशी, हा परत उठला गं. दर तासाला उठतोय. काही बिघडलंय का?’ बाळ पाच आठवड्यांचं. शेजारीण रोज विचारते, रात्रभर झोपतो ना? त्यात इंग्रजीत गाढ झोपेला म्हणतातच ‘स्लेप्ट लाइक अ बेबी’. मग ज्याचं बाळ तसं झोपत नाही त्याला अपराधी वाटणारच.

हा वाक्प्रचार ज्याने पाडला त्याने पाळण्यात दोन मिनिटं डोकावून पाहिलं असावं आणि मग स्वतः जाऊन झोपला असावा. रात्रभर बसला असता तर वेगळंच दिसलं असतं. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं खरं, पण तुकड्यातुकड्यांनी. मोठ्यांचं झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, बाळाचं ५० ते ६० मिनिटांचं. दोन चक्रांच्या सांध्यावर झोप उथळ होते आणि तिथेच ते जागं होतं. रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक ठरल्या वेळी स्रवायला दोन-तीन महिने लागतात. तोवर त्याच्या लेखी दुपारचे बारा आणि रात्रीचे अडीच सारखेच.

त्यातली जवळजवळ निम्मी झोप ‘सक्रिय’ असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, श्वास कमी-जास्त होतो, बोटं उडतात, ओठांवर हसू येतं आणि लगेच रडवेला चेहरा होतो. आपल्याकडच्या आज्या याला ‘सटवाई हसवते, सटवाई रडवते’ म्हणतात. सटवाईचं मी काही सांगू शकत नाही, पण निरीक्षण पक्कं आहे. पाळण्याशी तासन् तास बसणाऱ्या बाईचं ते निरीक्षण आहे.

शास्त्रज्ञही असेच पाळण्यापासून सुरू झाले. शिकागो विद्यापीठात नॅथॅनियल क्लाइटमन यांनी यूजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याला झोपलेल्या तान्ह्या मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली बघायच्या कामाला लावलं. पुढे ॲसेरिन्स्कीने तळघरात पडून असलेलं जुनं यंत्र दुरुस्त केलं, स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तारा चिकटवल्या आणि रात्रभर कागदावर रेघा उमटवल्या. मुलगा गाढ झोपेत, आणि रेघा जागेपणीसारख्या नाचणाऱ्या. १९५३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. आज आपण त्या झोपेला ‘रेम’ (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळे भराभर फिरतात ती) झोप म्हणतो. मोठ्यांत तिचा वाटा २०-२५ टक्केच उरतो.

बाळाला ती एवढी कशाला लागते? आयोवा विद्यापीठातल्या मार्क ब्लुमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून दिसतं, की झोपेत उडालेल्या एकेका स्नायूची खबर मेंदूपर्यंत जाते आणि कोणती तार कोणत्या पायाला जोडलेली आहे, ते मेंदू शिकत असावा. नव्या घरात वायरमन एकेक बटण दाबून दिवे तपासतो, तसं काहीसं.

शिवाय चटकन जाग येणं ही बाळाची ढालही आहे. पालथं झोपवलेलं बाळ जास्त गाढ झोपतं आणि त्याला सहजी जाग येत नाही. झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका पालथ्या बाळांत जास्त आढळला, म्हणून अमेरिकेत १९९२मध्ये बाळाला उताणं झोपवायचा सल्ला दिला गेला आणि १९९४मध्ये त्याची देशभर मोहीम झाली. पुढच्या दहाएक वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणजे ज्या झोपेचं इंग्रजीत एवढं कौतुक, ती बाळाला मानवणारी नाहीच.

मुलांविषयीच्या अशाच आणखी एका इंग्रजी म्हणीचं, छडीच्या म्हणीचं, तर मूळच गमतीचं. छडी आवरली की पोर बिघडतं, हा विचार बायबलातला. पण ‘स्पेअर द रॉड, स्पॉइल द चाइल्ड’ हे शब्द रूढ झाले ते सॅम्युअल बटलरच्या ‘ह्युडिब्रास’ या उपहासकाव्यातून. त्यातल्या १६६४च्या भागात एक विधवा एका शूरवीराला फटके खाऊन प्रेम सिद्ध करायला सांगते. तिथलं ‘पोर’ म्हणजे प्रेम! हे ठाऊक नसताना किती शाळांत किती पाठी सुजल्या असतील. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. जितका मार जास्त, तितका आक्रमकपणाही जास्त, आणि आज्ञाधारकपणा काही वाढलेला नाही.

आता ‘शुगर हाय’. हा शब्द हल्ली पुण्यातल्या वाढदिवसांतही ऐकू येतो : केक खाल्ला, आता बघा कशी उधळतात! १९९४मध्ये डॅनियल हूव्हर आणि रिचर्ड मिलिच यांनी पाच ते सात वर्षांची ३५ मुलं घेतली. साखर खाल्ली की आमचा मुलगा बिथरतो, असं त्यांच्या आयांचं म्हणणं होतं. सगळ्या मुलांना साखर नसलेलं, कृत्रिम गोडीचं पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं, की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल दिसला. चित्रीकरणात आणखी एक गोष्ट दिसली : या आया आपल्या मुलाला चिकटून राहत होत्या आणि टोकण्याकडेही त्यांचा कल जास्त होता. पाच वर्षांचं पोर अशाने चुळबुळणार नाही तर काय!

पुढच्याच वर्षी २३ प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला. साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडतो, असं काही निघालं नाही. दात किडतात, ते वेगळं. वाढदिवसाला केकखेरीज वीस पोरं असतात, फुगे असतात, मोठ्ठ्या आवाजातली गाणी असतात आणि झोपायची वेळ तासभर आधीच टळून गेलेली असते.

भाचीला मी सटवाईचं लिहून पाठवलं. दहा मिनिटांनी एक व्हिडिओ आला. अंधुक उजेडात दुपट्यातून बाहेर आलेली एक इवलीशी मूठ, तिची करंगळी दोनदा उडते, मग ओठ वाकडे होतात. खाली लिहिलं होतं, ‘हे बघ, आत्ता हसवतेय.’