पेनड्राइव्हवरचं लिनक्स: लाइव्ह की इन्स्टॉल केलेलं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि सांगलीतल्या जुन्या लॅपटॉपवाल्यांना लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, आठवलं. मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले आमचे मामा म्हणाले, "पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून दे."

"नुसतं बघायचंय की रोज वापरायचंय?"

"त्यात काय फरक? पेनड्राइव्ह तोच की!"

पेनड्राइव्ह तोच, पण लिनक्स त्यावर दोन तऱ्हांनी राहतं.

लाइव्ह म्हणजे डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टीमची एकच फाइल) रुफस किंवा एचरसारख्या टूलने पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट केली तर लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही. माझ्याकडे 'चालत नाही' म्हणून येणारे बरेचसे पेनड्राइव्ह असेच असतात. (लिहिताना आधीचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो आधी काढून घ्या.) मग लॅपटॉप चालू करताना डेल-लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. अख्खी सिस्टीम एका दाबून भरलेल्या फाइलीत असते आणि ती फक्त वाचता येते. तुम्ही केलेले बदल रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, राहतात, त्यामुळे बंद केलं की पाटी कोरी. वायफायचा पासवर्डसुद्धा पुन्हा टाकायचा. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही, अर्थात तुम्ही स्वतः तिच्यावर काही लिहिलं नाही किंवा 'इन्स्टॉल'च्या आयकॉनला हात लावला नाही तर. वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, मराठी टाइप होतं का, हे बघायला एवढं पुरतं.

इन्स्टॉल करताना मात्र लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून दुसऱ्याच पेनड्राइव्हवर लिनक्स बसवायचं, अगदी हार्डडिस्कवर बसवतो तसं. फाइली, सेटिंग, अपडेट, सगळं टिकतं. पण बारीकसारीक लिहिणं सतत चालू असतं आणि तिथं साधा पेनड्राइव्ह दमतो. ब्राउझर उघडेपर्यंत चहा होतो. रोज वापरायचं तर यूएसबी ३ ची बाहेरची एसएसडीच (वेगवान डिस्क) घ्या.

खरी मेख बूटलोडरची, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टीम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा लिनक्स पेनड्राइव्हवर बसलं, पण बूटलोडर जाऊन बसला लॅपटॉपच्या डिस्कवर. पेनड्राइव्ह काढला तर विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर ग्रबची (लिनक्सच्या बूटलोडरची) ओळ! तेव्हापासून इन्स्टॉल करण्याआधी आतली डिस्क सरळ काढून ठेवतो. लॅपटॉप उघडायची भीती वाटत असेल, तर बूटलोडर कुठल्या डिस्कवर जातोय ते दोनदा वाचा.

या दोघांच्या मधे 'पर्सिस्टन्स' आहे. रुफसमध्ये एक पट्टी सरकवून उबंटूसारख्या डिस्ट्रोसाठी (लिनक्सच्या प्रकारासाठी) थोडी जागा राखता येते, बदल तिथं साठतात. लोक यालाच इन्स्टॉल समजतात. पण खालची फाइल तीच जुनी असते. कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेट केला तरी मशीन सुरू होतं सहसा जुन्याच कर्नलवर, आणि अपडेट करत राहिलात तर राखलेली जागा भरून जाते.

मामांना मी लाइव्ह करून दिलं, दोनदा बजावलंही. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अरं, काल शेतकऱ्याची हिशोबाची पट्टी टाइप केलेली, ती कुठं गेली?"

आता ते एसएसडीचा भाव विचारतायत.