सांभाळणारीची जखम
दिवेलागणीची वेळ झाली की सासूबाई पिशवी भरायला घेतात. "मला घरी सोड गं, गुरं उपाशी असतील." गुरं विकून तीस वर्षं झाली, आणि घर म्हणजे हेच. सून आधी समजावते, दहाव्यांदा ओरडते, मग ओरडल्याचं मनाला लागून रात्रभर जागते. कुलपाची किल्ली तिच्या उशाखाली.

डिमेन्शियातली, म्हणजे स्मृतिभ्रंशातली, ही तगमग बऱ्याचदा संध्याकाळीच वाढते. घरच्यांना विसराळूपणापेक्षा असं वागणंच जास्त थकवतं. साठी उलटलेल्या ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असावा, असा 'लासी-डॅड' या पाहणीवरून काढलेला अंदाज आहे. त्यांना सांभाळलं जातं ते बहुतांशी घरीच, आणि घरी म्हणजे कुणी, हे वेगळं सांगायला नको.

हा ताण शरीरातही उतरतो. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये संशोधकांनी अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली (त्यांच्या संमतीने, अर्थात) आणि ती कधी भरते ते पाहिलं. त्याच वयाच्या इतर बायकांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, यांची जवळजवळ ४९ दिवसांत. हा अभ्यास १९९५चा. गट लहान होता, पण दहा दिवसांचा फरक काही लहान नव्हे.

उपाय मात्र आपल्या शेजारीच करून पाहिला गेला. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या घरी साधं प्रशिक्षण घेतलेले सल्लागार सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, जात होते. आजार काय आहे, अंघोळ कशी घालावी, हट्टाला कसं तोंड द्यावं, हे घरच्यांशी बोलायचं. वाद न घालता "चहा घेऊन निघू या" म्हणावं, असल्याच साध्या गोष्टी इथे कामाला येतात. या घरांतल्या सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्रास कमी वाटू लागला.

झॅरिट नावाच्या प्रश्नावलीने मोजलेला सांभाळणाऱ्यांवरचा 'भार' मात्र फारसा हलला नाही. काम तेवढंच राहिलं, हे एक कारण असेल. पण त्या २२ प्रश्नांत असाही एक आहे: आपण यांच्यासाठी आणखी काही करायला हवं, असं वाटतं का? आपल्याकडची कुठली सून याला 'नाही' म्हणणार?