बायोडाटातला गव्हाळ आणि कातडीतलं मेलॅनिन

आमच्याकडं लग्नाच्या बायोडाटात उंची, रास, नाडी, रक्तगट आणि मग वर्ण: गव्हाळ. पोरगी सावळी असली तरी गव्हाळच, गोरी असली तर मात्र आठवणीनं 'गोरा'. हे लिहिणारे आमचे अण्णा बीडकडचे, उन्हाळाभर रानात, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सदरा काढला की कोपराच्या वरचा हात एकाचा अन् खालचा दुसऱ्याचाच वाटतो. आता यांचा वर्ण कोणता लिहायचा सांगा.

रंग नेमका कातडीत कुठं असतो हे पहिल्यांदा १७व्या शतकात इटलीच्या माल्पिघीनं सूक्ष्मदर्शकातून शोधलं, तो म्हणाला सगळ्यात वरच्या थरात नाही, त्याच्या खालच्या थरात. या रंगद्रव्यासाठी मेलॅनिन हा शब्द १८४० साली स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञानं वापरला, ग्रीक 'मेलास' म्हणजे काळा. मग १८९५ ला फ्रान्समधे मशरूमवर काम करताना टायरोसिनेज नावाचं एन्झाइम सापडलं, मशरूम कापलं की काळं पडतं ते यानं. चिरलेलं वांगं आई लगेच मिठाच्या पाण्यात टाकते ना, तिथंही याच जातकुळीचं एन्झाइम असतं. आपल्या कातडीतही टायरोसिनेजच टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून रंग बनवायला सुरुवात करतं.

१९१७ मधे ब्रुनो ब्लोख या स्विस डॉक्टरनं कातडीचे काप डोपा नावाच्या रसायनात (टायरोसिनपासून रंग बनताना मधे हेच तयार होतं) ठेवले तर काही मोजक्याच पेशी काळ्या झाल्या, बाकीच्या तशाच. म्हणजे रंगाचे कारखाने मोजके, त्यांनाच आज मेलॅनोसाइट म्हणतात. एक मेलॅनोसाइट आसपासच्या साधारण ३६ पेशींना रंगाचे दाणे पुरवतो आणि हे दाणे पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे जमतात, उन्हातल्या अतिनील किरणांपासून आतला डीएनए झाकायला. रानात जाताना डोक्याला उपरणं गुंडाळतो, अगदी तसंच. आणि खरी गंमत म्हणजे काळ्या-गोऱ्या माणसांत मेलॅनोसाइटची संख्या जवळपास सारखीच, फरक दाण्यांचा: किती बनतात, केवढे असतात, किती टिकतात.

कोड आलेल्या जागी मात्र हे कारखानेच बंद पडलेले असतात. आयुर्वेदात त्यावर बावची लावून ऊन घ्यायचं सांगितलंय, बावचीतल्या सोरालेन नावाच्या द्रव्यावर पुढं आधुनिक उपचारही उभे राहिले (घरी करू नका, कातडी भाजते). तरी गावात अजून कोडाला पूर्वजन्माचं पाप म्हणणारे आहेतच, काय बोलणार.

जनुकाचा धागा सापडला तो माशात. अमेरिकेत झेब्राफिशच्या फिकट जातीवर काम करताना एसएलसी२४ए५ हे जनुक हाती लागलं, २००५ ची गोष्ट, आणि माणसाच्या रंगातही त्याचा मोठा वाटा निघाला. मग २०१३ मधे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत दाखवलं की या जनुकाचं रंग उजळ करणारं रूप आपल्याकडं आणि युरोपात एकाच मूळ बदलातून आलंय. १९४८ पर्यंत आमचा बीडकडचा भाग हैदराबाद संस्थानातच होता, म्हणून मला ते उगाच घरचंच संशोधन वाटतं.

अण्णांना हे सगळं सांगितलं, माशापर्यंत नीट ऐकलं त्यांनी. मग म्हणले, "ते ठीक हाय, पण तू लिही गव्हाळच."