अंबू बॅग
श्वास थांबलेल्या किंवा अपुरा पडणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसांत हाताने हवा भरण्याचे साधन. मास्क, एकदिशा झडप आणि दाबून सोडताच आपोआप फुगणारी पिशवी हे तिचे मुख्य भाग होत.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘आर्टिफिशियल मॅन्युअल ब्रीदिंग युनिट’ या शब्दांची ही आद्याक्षरे, असे पाठ्यपुस्तकांतून सर्रास आढळते. काही ठिकाणी ‘एअर मास्क बॅग युनिट’ असाही विस्तार दिला जातो. एकाच नावाचे असे दोन विस्तार मिळतात तेव्हा ते मागाहून जुळवले असावेत, अशी शंका येते. नाव ‘ॲम्ब्युलन्स’वरून आले हे मत त्यापेक्षा सयुक्तिक वाटते. संस्कृत ‘अंबु’शी (पाणी) अर्थातच संबंध नाही.

१९५२ च्या पोलिओ साथीत कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास देणारी यंत्रे अपुरी पडली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्यावरून सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबून रुग्ण जगवले. त्या पिशव्या मात्र सिलिंडरच्या वायूवरच फुगत. पुढे मालमोटारचालकांच्या संपात ऑक्सिजन तुटण्याची भीती निर्माण झाली आणि त्यातून सिलिंडरविना चालणाऱ्या पिशवीची कल्पना निघाली, असे सांगतात. अभियंते होल्गर हेसे व भूलतज्ज्ञ हेनिंग रूबेन (१९१४–२००४) यांनी ती साधारण १९५६ मध्ये सिद्ध केली. पहिल्या नमुन्यात सायकलच्या चाकाचे आरे वापरल्याची हकीकतही प्रचलित आहे. दोघांचे आधीचे काम घशातील स्राव ओढून काढणाऱ्या पंपावर होते.

पिशवीपेक्षा झडप महत्त्वाची, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. दाबताना ती हवा रुग्णाकडे सोडते; उच्छ्वासाच्या वेळी पिशवीकडची वाट बंद करून तो बाहेर काढते. ती नसती तर रुग्णाने सोडलेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा त्याच्या फुप्फुसांत गेला असता. साध्या हवेतून २१ टक्के ऑक्सिजन मिळतो. ऑक्सिजनची नळी व साठवण-पिशवी जोडल्यास प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाते. प्रौढांची पिशवी सुमारे दीड लिटरची असली तरी एका दाबाला ५०० मिलिलिटर पुरेसे असतात.

मुंबईत ‘अंबू’ हा शब्द वॉर्डबॉयपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. व्हेंटिलेटरची खाट मिळेपर्यंत घरच्यांनी आळीपाळीने बॅग दाबत बसल्याच्या बातम्या शहरातील सार्वजनिक रुग्णालयांतून वेळोवेळी आल्या आहेत. घाबरलेला माणूस भराभर दाबतो. त्याने हवा पोटात शिरते आणि उलटीचा धोका वाढतो. म्हणून प्रौढ रुग्णासाठी पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती जेमतेम उचलली जाईल इतकेच दाबायचे असते.