कामाच्या ठिकाणचे शिक्षण आणि त्यातील अडथळे

नोकरीत असलेल्या माणसाला कामासाठी लागणारे नवे ज्ञान वा कौशल्य शिकताना ज्या अडचणी येतात त्या, आणि त्या दूर करण्याचे मार्ग, हा प्रौढशिक्षण, औद्योगिक मानसशास्त्र आणि कामगार चळवळ या तिन्हींचा सामाईक विषय आहे. यंत्रे, नियम, संगणकप्रणाली बदलत राहतात आणि शाळेत किंवा आयटीआयमध्ये शिकलेले निवृत्तीपर्यंत पुरत नाही. म्हणून प्रशिक्षणाचे वर्ग भरतात, हजेरी लागते, प्रमाणपत्रे वाटली जातात. काम मात्र पुष्कळदा जुन्याच पद्धतीने चालू राहते. याचे खापर बहुधा ‘माणसांना शिकायचेच नसते’ असे म्हणून कामगारांवर फोडले जाते. गेल्या दीड शतकाहून अधिक काळाचा अनुभव याच्या उलट साक्ष देतो.

अमेरिकन अभ्यासक के. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये प्रौढांच्या शिकण्यातील अडथळ्यांचे तीन गट केले: परिस्थितीतून येणारे (वेळ, पैसा, घरची जबाबदारी), संस्थेच्या व्यवस्थेतून येणारे (गैरसोयीच्या वेळा, जाचक नियम) आणि मनातले (‘या वयात आता काय जमणार’ ही भावना). हे वर्गीकरण आजही वापरले जाते. ते वाचताना एक ध्यानात ठेवायला हवे, की तिसऱ्या गटातले बरेच काही पहिल्या दोन गटांतूनच जन्माला येते. दोनदा अपमान झालेला माणूस तिसऱ्यांदा हात वर करत नाही, आणि त्यालाच पुढे अनास्था म्हटले जाते.

वेळेचा प्रश्न

कष्टकऱ्याच्या शिक्षणातला सर्वांत जुना अडथळा वेळेचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवस कामात जाणाऱ्यांसाठी. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये ती मिळाली. रिकामा दिवसच नसेल तर शिक्षणाच्या गप्पा पोकळ ठरतात. पुढे फ्रान्सने १९७१ च्या कायद्याने प्रशिक्षणासाठी रजेचा हक्क दिला आणि मालकांना त्यासाठी खर्च करणे बंधनकारक केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ मध्ये पगारी शैक्षणिक रजेचा करार (क्रमांक १४०) संमत केला.

भारतात १९५८ मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नागपूरला होते. मंडळाच्या रचनेत शिक्षणाधिकारी निवडक कामगारांना तयार करीत आणि हे कामगार-शिक्षक आपापल्या कारखान्यात परत जाऊन सहकाऱ्यांचे वर्ग घेत. शेजारच्या मशीनवरचाच माणूस शिकवायला उभा राहिला की शंका विचारण्याचा संकोच अर्धा गळून पडतो. हे या योजनेचे खरे बळ होते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (१९८९) नोकरी न सोडता पदवी घेण्याची वाट मोकळी केली. मात्र मुक्त शिक्षणातही अभ्यास करायचा तो पाळी संपल्यावर, थकलेल्या डोळ्यांनी, ही अडचण उरतेच.

शिकवण्याची पद्धत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांना अल्पावधीत लाखो नवख्या माणसांना तयार करायचे होते. त्यासाठी १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही सरकारी योजना चालली. तिच्यात १६ लाखांहून अधिक जणांनी प्रशिक्षण घेतले. भर होता तो सुपरवायझर आणि अनुभवी कारागिरांना शिकवायला शिकवण्यावर. दहा तासांचा वर्ग, रोज दोन तास. पहिल्याच दिवशी शिक्षक विजेच्या वायरीची एक विशिष्ट गाठ शिकवी. आधी एकाला गाठ कशी मारायची ते फक्त तोंडी सांगे. त्याला जमत नसे. मग दुसऱ्याला न बोलता फक्त करून दाखवी. त्यालाही जमत नसे. त्यानंतर तीच गाठ तो रीतसर चार पायऱ्यांनी शिकवी. शिकणाऱ्याच्या मनावरचे दडपण घालवायचे आणि त्याला आधीच काय येते ते विचारायचे. एकेक टप्पा सांगत, दाखवत, त्यातली मेख स्पष्ट करायची. मग त्याला स्वतः करायला लावून ‘असे का?’ हे त्याच्याच तोंडून काढायचे. आणि शेवटी त्याला कामावर सोडून, अडल्यास कोणाकडे जायचे ते सांगून, पुन्हापुन्हा डोकावत राहायचे. पाहणाऱ्याला गाठ उलटी दिसू नये म्हणून त्याला समोर न बसवता बाजूला घ्यायचे, इतकी बारीक काळजीही त्यात होती. प्रशिक्षकांच्या खिशातल्या कार्डावर वाक्य छापलेले असे: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटाच्या कार्यपद्धतीत मुरली.

आजच्या बहुतेक प्रशिक्षणांत पहिली आणि चौथी पायरी गाळलेली असते. प्रोजेक्टरवर दोनशे स्लाइड दाखवणे ही फार तर दुसरी पायरी, तीही अर्धवट.

भाषा आणि साधने

२०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल मोठ्या संख्येने परत केले. फोन अपुऱ्या क्षमतेचे होते, तापत होते, आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप इंग्रजीत होते. मराठीतून वर्षानुवर्षे चोख रजिस्टरे ठेवणाऱ्या या स्त्रियांना ‘तंत्रज्ञान जमत नाही’ असे म्हणणे सोपे होते. पण अडथळा पडद्यावरच्या भाषेचा आणि हातातल्या यंत्राचा होता. औद्योगिक वसाहतींतही हीच गत दिसते. मायक्रोमीटरवर अचूक माप घेणारा जुना टर्नर सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या इंग्रजी अलार्मपुढे थबकतो. त्या संदेशांचा मराठी तक्ता मशीनशेजारी लावणे हा फार स्वस्त उपाय आहे, आणि तो क्वचितच केला जातो.

भीती

चूक कबूल केली की मेमो मिळतो, अशा जागी कोणी शिकत नाही. चूक लपवायला मात्र सगळे शिकतात. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी तिथल्या रुग्णालयांत औषधे देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. त्यात चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तर त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या, असा अर्थ त्यांनी लावला. यातूनच एकत्र काम करणाऱ्या गटाची ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे चूक वा शंका बोलून दाखवली तरी त्रास होणार नाही ही खात्री, ही संकल्पना त्यांनी १९९९ मध्ये मांडली. विमानसेवेत हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे गेली. फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, पण ज्येष्ठ कॅप्टनपुढे ती टिकली नाही. त्यानंतरच्या वर्षांत कनिष्ठाने निःसंकोच बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, याचे रीतसर प्रशिक्षण वैमानिकांना देण्यास सुरुवात झाली. साहेबांसमोर गप्प बसणे हीच शिस्त समजणाऱ्या आपल्या कचेऱ्यांना हे प्रशिक्षण आज अत्यंत गरजेचे आहे.

खर्च कोणाचा

अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये दाखवले, की जे कौशल्य कुठेही उपयोगी पडते त्यावर खर्च करायला मालकाचा हात आखडतो, कारण माणूस शिकून दुसरीकडे जाऊ शकतो. काही महिन्यांच्या बोलीवर ठेवलेल्या कंत्राटी कामगाराच्या बाबतीत हा हिशेब सर्वांत कठोर होतो. एका लाइनवर तेच काम करणाऱ्या दोघांपैकी प्रशिक्षणाला कायम असलेलाच पाठवला जातो. शिकाऊ उमेदवारांसाठी भारतात १९६१ चा कायदा आहे, आणि २०१६ पासूनच्या योजनेत त्यांच्या विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र सरकार उचलते. पण तो लाभ उमेदवारीपुरता. सिंगापूरने २०१६ मध्ये २५ वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाच्या नावे शिक्षणासाठी ५०० सिंगापूर डॉलरची रक्कम ठेवली. मालक बदलला तरी ती त्याच्याकडेच राहते. फी भागवण्याचा प्रश्न त्यातून काही अंशी सुटला. वर्गाला जाण्यासाठी पाळीतून सुट्टी देणे मात्र अजून मालकाच्याच हातात आहे.