कुप्पायम, मेलमुंडू आणि मर्यादा

ख्रिस्ती स्त्रीने पोशाख कसा करावा हा विषय निघाला की बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडला जातो. स्त्रियांनी भिडस्तपणाने, मर्यादेने राहावे. केसांच्या गुंफणीने, सोन्यामोत्यांनी, महागड्या वस्त्रांनी नटू नये. अंग किती झाकावे याबद्दल त्या ओळींत अवाक्षर नाही. रोख आहे तो श्रीमंती मिरवण्यावर. तरी आज हेच वचन बाह्यांच्या आणि गळ्याच्या मापासाठी वापरले जाते. ते मापही सगळीकडे सारखे नव्हते, हे पाहायचे तर भारताच्या दक्षिण टोकाच्या त्रावणकोर संस्थानात जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे कमरेवरचे अंग उघडे असणे ही लाजेची गोष्ट नव्हती, अदबीची होती. देवापुढे आणि आपल्याहून वरच्या जातीपुढे वरचे वस्त्र उतरवायचे. नायर या वरच्या जातीतल्या स्त्रियाही नंबुद्री ब्राह्मणांसमोर तसे करत. खालच्या मानलेल्या शाणार म्हणजे आजच्या नाडर समाजाला तर वरचे वस्त्र घ्यायचीच मनाई, बाईलाही आणि पुरुषालाही. छत्री नाही, पायताण नाही, सोन्याचा दागिना नाही. सोने नको असे पत्रात सांगितले ते ज्यांच्या अंगावर सोने होते त्यांना. शाणार बाईला ते ऐकवण्यात काय अर्थ होता?

1806 नंतर लंडन मिशनरी सोसायटीचे काम दक्षिण त्रावणकोरात सुरू झाले आणि पुष्कळ नाडर ख्रिस्ती झाले. मिशनऱ्यांना उघडे अंग पाहवेना. रेसिडेंट (दरबारातला ब्रिटिश प्रतिनिधी) आणि दिवाण अशी दोन्ही पदे सांभाळणाऱ्या कर्नल मन्रोने 1812 साली बाटलेल्या स्त्रियांना छाती झाकायची परवानगी दिली. दरबारातून विरोध झाल्यावर 1814 मध्ये ती कुप्पायमपुरती उरली. कुप्पायम म्हणजे सिरियन ख्रिस्ती आणि मापिळा (मुस्लिम) स्त्रिया घालत तसला सैलसर झगा.

मिशनच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. बायकांच्या दृष्टीने नव्हता. त्यांनी कुप्पायमवर खांद्यावरून मेलमुंडू, म्हणजे वरचे वस्त्रही घ्यायला सुरुवात केली, अगदी नायर स्त्रियांसारखा. नुसती लाज झाकायची असती तर झगा पुरेसा होता. त्यांना मान हवा होता. भर बाजारात त्यांची वस्त्रे फाडली गेली, शाळा आणि प्रार्थनाघरे जाळली गेली. 3 फेब्रुवारी 1829 च्या जाहीरनाम्याने कुप्पायम मान्य झाले, मेलमुंडू नाकारला गेला.

1858 च्या अखेरीस पुन्हा दंगली उसळल्या. तोवर झगडा ख्रिस्ती नाडरांपुरता राहिला नव्हता. हिंदू नाडर स्त्रियाही वस्त्र घेऊ लागल्या होत्या. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने दरबारावर दाब आणला.

मराठीत 'मर्यादा' म्हणजे शालीनता आणि 'मर्यादा' म्हणजे पायरीही. उच्चवर्णीयांना दुसऱ्या अर्थाची काळजी होती, मिशनऱ्यांना पहिल्या. महाडला डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे वरच्या जातींच्या बायकांसारखे नेसायला आणि चांदीचे ढीगभर दागिने टाकायला सांगितले, तेव्हा तिथेही दुसराच अर्थ मोडायचा होता.

26 जुलै 1859 रोजी महाराजा उत्रम तिरुनाळ यांचा जाहीरनामा निघाला. सर्व नाडर स्त्रियांना अंग झाकायची मुभा मिळाली: ख्रिस्ती बायकांसारखा झगा घाला, किंवा मुक्कुवर कोळणींसारखे जाडेभरडे कापड गुंडाळा. फक्त वरच्या जातींच्या बायकांसारखे नेसू नका.